बदललं नेमकं काय

“कुठला समाज? आणि बदलला म्हणजे कधीपासून बदलला?” गाइड मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि प्रोफेसरचं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. प्रोफेसर हे तिचं घरातलं टोपणनाव. शिकत होती ती अजून समाजशास्त्राच्या एम.ए.लाच. ‘बदलता सामाजिक दृष्टिकोन’ असा भारदस्त विषय घेऊन ती पुन्हा एकदा गेली होती आणि पुन्हा एकदा हात हलवत परत निघाली. उद्यापर्यंत नेमका विषय दिला नाही तर वर्ष वाया जाईल, हे मॅडमनी निघता निघता सांगून टाकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तिला घराचा जिना चढताना उमगलं. ती राहत होती आत्याकडे. आत्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. लग्न केलं नव्हतं, आणि ऐन तरुणपणापासून याच दोन खोल्यांत एकटी राहिली होती. तेव्हा बिल्डिंगने तिला किती छळलं, हे प्रोफेसरने वडिलांकडून ऐकलं होतं. आत्या रात्रपाळीहून आली की खिडक्या उघडायच्या, कुणी सोडायला आलं की बायकांना नेमकं जिन्यात काम निघायचं.

आणि आता? प्रोफेसरने तिथल्या तिथे चार दारं ठोठावली. सगळीकडे आत्याचं कौतुक. तळमजल्यावरच्या काकूंनी एकेकाळी आत्याला हाकलायला घरोघर फिरून लोक उठवले होते. त्याच काकू म्हणाल्या, ताई म्हणजे देवमाणूस. एकट्या बाईकडे पाहायची नजर बदलली होती तर! विषय मिळाला. प्रोफेसरचे पाय जमिनीवर ठरेनात.

संध्याकाळी आत्या टेकते न टेकते तोच तिने मुलाखत सुरू केली. लोक कधीपासून बदलले असं वाटतं, एवढंच विचारलं.

“लोक कुठे बदलले?” आत्या चप्पल काढत म्हणाली. “मी म्हातारी झाले.”

प्रोफेसरला वाटलं, आत्या थट्टा करतेय. आत्याचा चेहरा मात्र थट्टेचा नव्हता.

“तू यायच्या आधी मी केस काळे केले होते. उगीच, हौस म्हणून. आठवडा झाला नाही तोवर काकू विचारतात, हल्ली उशीर होतो का ताई? कोण सोडायला येतं? मग येऊ दिले पांढरे. चौकश्या बंद.”

प्रोफेसरच्या डोक्याचा भुगा झाला. समाज बदलला, की आत्याचं वय झालं? हे वेगळं काढायचं तरी कसं? आणि आज कौतुक करून झाल्यावर काकूंनी तिलाही हळूच विचारलं होतं, परवा तुला कोण सोडायला आलं होतं गं? तिने ते हसून सोडून दिलं होतं. ते मुलाखतीत धरायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मॅडमना उद्या काय सांगायचं, ते तिला सुचेना. आत्यासाठी मात्र तिला फार वाईट वाटलं.

“पुन्हा काळे करावेसे वाटतात?”

“खूप,” आत्या म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. गुडघ्याचा एक्स-रे दाखवायला काकू आल्या होत्या. त्यांची हाक दाराबाहेरूनच ऐकू आली. आत्या उठली, आरशापाशी थांबली, कानामागे गेलेली पांढरी बट तिने पुढे ओढून घेतली आणि मग दार उघडलं.