चौथा भाग उसवू नका

मी एक मफलर आहे. दोघांत मिळून एक, म्हणून जरा जास्तच लांब. एकट्याने मला गळ्यात घातलं तर माझी टोकं गुडघ्यापर्यंत लोंबतात आणि रस्त्यातले लोक वळून बघतात. पण सिनेमाच्या दोन शेजारच्या खुर्च्यांवर दोघं बसले, एक टोक हिच्या गळ्यात आणि एक त्याच्या, की मी अगदी मापात बसतो.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. घाबरू नका, दुखलं नाही. तिथे बाहेरच्या टेबलापाशी आत्या बसते. पेशंटची नावं पुकारायची, फोन घ्यायचे आणि रडणाऱ्या मुलांना "काही होत नाही रे" असं हसून खोटं सांगायचं, हे तिचं काम. आतलं मशीन घूंऽऽ करायला लागलं की बाहेर बसलेले सगळे एकदम गप्प होतात. त्या शांततेत आत्याच्या सुयांचा टकटक आवाज येतो. मी त्या आवाजावर वाढलो.

आत्याची दोन भाचरं आहेत, ताई आणि टिल्लू. दोघं चुलत भावंडं. टिल्लू लहानपणी खरंच टिल्लू होता. आता तो दाराच्या चौकटीला डोकं आपटतो, पण नाव काही उंच झालं नाही. ताई त्याच्यापेक्षा थोडीशीच मोठी. ती चारचौघांत बोलत नाही. दुकानात गेली तर हवी ती वस्तू बोटाने दाखवते. भरभरून बोलते ती एकाच माणसाशी, टिल्लूशी, आणि बहुतेक वेळा एकाच विषयावर. तो विषय म्हणजे 'हिमरक्षक'.

हिमरक्षक हा त्यांच्या लाडक्या सिनेमांचा नायक. बर्फाच्या खिंडीत एका झोपडीत राहतो, जगावर येणारी संकटं तिथेच अडवतो आणि गळ्यातला मफलर कधीही काढत नाही. पहिला भाग बघून आल्यावर दोघांनी आत्याला धरलं, "आम्हाला तस्साच मफलर विणून दे."

मग सूचना सुरू झाल्या. टिल्लूला त्यात पॉपकॉर्न ठेवायला खिसा हवा होता. ताईला कान झाकणारी टोपी हवी होती. टिल्लूला गोंडे हवे होते, ताईला नको होते. आत्याने बिचारीने दोघांचं सगळं ऐकलं. जे तयार झालं ते बाही फुटलेल्या टॉवेलसारखं दिसत होतं. डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "हे कुणाला बसवायचंय?"

आत्याने ते सगळं उसवलं आणि सांगून टाकलं, "विणते तुमच्यासाठीच. पण आता तुम्हाला विचारून विणणार नाही."

अशा रीतीने मी झालो. पहिल्या भागाचा लाल पट्टा. दुसरा भाग आला तेव्हा त्याला जोडून पिवळा. तिसरा आला तेव्हा निळा. नवा सिनेमा आला की नवा पट्टा, असा आमच्याकडचा रिवाजच पडला. रंग आत्या ठरवणार आणि सिनेमाच्या सकाळपर्यंत कुणाला दाखवणार नाही.

चौथ्या भागाला तिने तपकिरी रंग निवडला. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. भांडण झालं ते सिनेमा संपल्यावर.

झालं असं, की चौथ्या भागात हिमरक्षक गळ्यातला मफलर काढतो, झोपडीतल्या खुंटीला अडकवतो आणि डोंगर उतरून गावात जातो. तिथे तो बेकरीत कामाला लागतो. शेवटच्या दृश्यात तो भट्टीतून पाव काढतो आणि हसतो. संपलं.

"पाव?" टिल्लू थिएटरच्या पायऱ्यांवरच ओरडला. "तीन भाग जग वाचवलं आणि चौथ्यात पाव भाजतोय? हा काय शेवट झाला?"

"मला आवडला," ताई म्हणाली.

"आवडला? अगं, दिग्दर्शकाने फसवलं आपल्याला! इतकी वर्षं आपण वाट बघितली. आपल्यामुळे हे सिनेमे चालले. मग आपल्याला नको विचारायला?"

"सिनेमा त्याचा आहे ना? मग तूच काढायचा होतास!"

दोघं तावातावाने चालत होते आणि मी दोघांच्या गळ्यात होतो. एक डावीकडे वळला, एक उजवीकडे. माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजा.

पुढे प्रकरण वाढलं. टिल्लूचा चाहत्यांचा एक ग्रुप आहे. त्यांनी मागणी काढली, 'चौथा भाग पुन्हा काढा, हिमरक्षक परत खिंडीत आणा.' हजारो लोकांनी फोनवर सह्या केल्या. एका संध्याकाळी दोघं मला गुंडाळून बसले असताना टिल्लूने ताईलाही सही करायला सांगितलं. तिने मान हलवून नकार दिला.

तेव्हा टिल्लू जे बोलला ते मी त्याच्या खांद्यावरून ऐकलं. "मग तू खरी चाहती नाहीसच."

ताईने आपल्या गळ्यातलं माझं टोक काढलं, नीट घडी घालून त्याच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "पाचवा आला तरी मी तुझ्याबरोबर येणार नाही." एकटीने सिनेमाला जाण्याचा तिचा स्वभाव नाही. म्हणजे पाचवा भाग ती बघणारच नव्हती. आणि दोन गळ्यांसाठी विणलेला मी, एका गळ्यात काय करणार होतो?

मग ग्रुपवर ठरलं, की चौथा भाग झालाच नाही असं मानायचं. कुणी भिंतीवरचं पोस्टर फाडलं, कुणी छापील कप फोडला. टिल्लूकडे पोस्टर नव्हतं, कपही नव्हता. त्याच्याकडे माझा तपकिरी पट्टा होता.

एका दुपारी त्याने मला टेबलावर पसरलं. शेवटची गाठ कापली आणि दोरा ओढला. तपकिरी लोकर सरसर निघत गेली. त्याला मजाच वाटली. बघता बघता पट्टा संपला. मग ग्रुपवर पाठवायला फोटो काढावा म्हणून त्याने मला उचलून जोरात झटकलं.

तिथेच चुकलं त्याचं. तपकिरी गेल्यावर निळ्या पट्ट्याचे टाके उघडे पडले होते. झटका बसताच त्यातला एक सुटला, त्याच्या खालचा सुटला, त्याच्या खालचाही. माझ्या निळ्या अंगात एक लांब शिडी पडली. टिल्लूने घाबरून ओढलं, तर आणखी दोन सुटले. निळा म्हणजे तिसरा भाग, टिल्लूचा सर्वांत आवडता.

मला दोन्ही हातांवर आडवं धरून तो दवाखान्यात धावत आला.

"आत्या, सुटतोय! पकड, पकड लवकर!"

"अरे टिल्ल्या, हळू! साप धरलायस का?" असं म्हणत आत्याने हातातली सुई माझ्या उघड्या टाक्यांतून घातली. मी श्वास सोडला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि गाल धरून ताई बाहेर आली. तिची दाढ भरली होती, अर्धं तोंड बधिर होतं. तिने मला बघितलं. मग टिल्लूच्या खिशातून लोंबणारी तपकिरी लोकर बघितली.

"काय झालं? कुणाचं काय सुटलं?" सुजलेला गाल सांभाळत बसलेल्या एका बसड्रायव्हर काकांनी विचारलं.

"चौथा भाग काढायला गेला आणि तिसरा सुटला," आत्या म्हणाली.

"चौथा म्हणजे तो पाव भाजतो तो? काढाच तो. मला झोप लागली होती."

"बघ! काकापण म्हणतात!" टिल्लू म्हणाला.

आणि मग ताई बोलली. भरलेल्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर, बधिर तोंडाने.

"थो धमला होथा!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. तिचे अर्धे शब्द गालातच अडकत होते, तरी समजत होते. "तो दमला होता. तिसऱ्या भागात तो दोनदा खाली बसतो. एकदा पायरीवर, एकदा दारात. आधी कधी बसला होता का? तू नुसती मारामारी बघत होतास."

काका विचारात पडले. "बसतो खरा," ते म्हणाले. "दारात बसतो. मला वाटलं, बूट काढतोय."

आत्या मान खाली घालून माझे सुटलेले टाके एकेक करून वर आणत होती. "तपकिरी मी निळ्याच्याच टाक्यांतून उचलला होता," ती म्हणाली. "तो काढलास, तर निळ्याला धरणार कोण?"

टिल्लू हळूच म्हणाला, "पण मला नाही आवडला तो भाग, ताई. खरंच नाही आवडला."

"नको आवडू दे. मी कुठे म्हणतेय, आवडलाच पाहिजे? पण तू म्हणालास, मी खरी चाहती नाही."

"ग्रुपवर सगळे तसंच बोलतात गं."

"मी ग्रुप आहे का?"

टिल्लूने खिशातली सगळी लोकर काढली आणि खाली बसून गुंडाळायला लागला. "चुकलो," तो लोकरीच्या गुंड्याकडे बघत म्हणाला. ताईने गुंत्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

गुंडा झाल्यावर आत्याने दोन्ही सुया टिल्लूच्या हातात दिल्या. "आता चौथा भाग तू काढ. बघू तुझं दिग्दर्शन."

"मी?" त्याने सुया चमच्यासारख्या धरल्या. मग ताईकडे बघून विचारलं, "कसा हवाय तुला?"

"मला नको विचारूस," ताई म्हणाली. "विण."

तेव्हापासून शाळा सुटली की टिल्लू दवाखान्यात येऊन बसायचा. आतलं मशीन सुरू झालं की तो दचकायचा आणि एक टाका गळायचा. एकदा उसवलेली लोकर सरळ राहत नाही, ती नागमोडी होते. त्यामुळे माझा नवा तपकिरी पट्टा केसाळ दिसतो. मध्ये तो फुगलाय, शेवटी निमुळता झालाय आणि एका जागी बोट जाईल एवढं भोक आहे.

पट्टा पूर्ण झाला तेव्हा ताईने मला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं. "मधला भाग रेंगाळतो," ती म्हणाली. "शेवट घाईत गुंडाळलाय. आणि कथेत हे एवढं मोठं भोक! पुन्हा काढा. मी सह्या गोळा करते."

"मग तूच काढायचा होतास!" टिल्लू चिडून म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच चपापला, हे तर ताईचंच वाक्य. मग दोघं इतके हसले, की आतून डॉक्टर बाईंचा आवाज आला, "बाहेर कोणाला हसवणारा गॅस दिलाय का?"

सध्या मी आत्याच्या खुर्चीमागच्या खुंटीवर असतो. इथून सगळं दिसतं. कोण घाबरलंय, कोण नुसता आव आणतोय. सिनेमातला तो मफलर खुंटीला लागला म्हणून लोक इतके चिडले, पण मला विचाराल तर खुंटी ही काही वाईट जागा नाही. थोडा वेळ टेकायला बरी आहे.

येत्या शुक्रवारी पाचवा भाग येतोय. म्हणे, या वेळी तो चाहत्यांना विचारून केलाय. टिल्लू खूश आहे. ताईने ऐकल्यावर विचारलं, "खिसा आणि गोंडे असणार का त्याला?" तिकिटं मात्र दोन शेजारच्या खुर्च्यांची काढली आहेत. आत्याने माझा पाचवा पट्टा विणून पिशवीत झाकून ठेवलाय, त्याचा रंग मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

एकच विनंती आहे. सिनेमा संपल्यावर खुशाल भांडा. पायऱ्यांवर भांडा, बसमध्ये भांडा, घरी जाईपर्यंत भांडा. फक्त भांडताना मला गळ्यातून काढू नका. ताणलं तर चालेल मला. मी लोकरीचा आहे.