कोंबड्यांची संध्याकाळ

नाट्यगृहात रोज सूर्य उगवायचा आणि मावळायचा, तो माझ्या हुकमाने. मित्रांनो, मी एक जुना डिमर आहे. दिव्याचा उजेड हळूहळू कमी-जास्त करणारे यंत्र म्हणजे डिमर. दिवा नुसता लावायचा किंवा विझवायचा, हे काम बटणाचे. त्या दोन्हींच्या मधले सगळे काम माझे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागीर बाईने तांब्याच्या तारेचे जाड वेटोळे करून माझे पोट भरले, त्यावर सरकणारा कोळशाचा तुकडा बसवला आणि डोक्यावर काळी गोल मूठ लावली. मूठ फिरवली की तो तुकडा तारेवरून सरकतो आणि दिवा मंद किंवा तेज होतो. अंगात वीज आली की मी बारीक गुणगुणतो. "आवाज छान आहे याचा," असे म्हणत तिने मला खोक्यात भरले.

नाट्यगृहात मला चालवणाऱ्या माणसाला सगळे उजेडमामा म्हणत. एका नाटकात म्हातारा बाप अंगणात मुलाची वाट बघत बसतो आणि बसल्या बसल्या संध्याकाळ होते. ती संध्याकाळ आम्ही दोघे मिळून करायचो. तेव्हा प्रेक्षकांत कुणी खोकतसुद्धा नसे. पडदा पडल्यावर नट येऊन मामाच्या पाठीवर थाप मारायचा, "मामा, आज तू रडवलंस, मी नाही!" मामा हसून माझ्या मुठीवरून हात फिरवी. माझ्या वाट्याला कौतुक आले ते एवढेच, पण मला ते भरपूर होते.

मग नाट्यगृहात संगणक आला. सगळे दिवे त्याच्या पडद्यावरून हलू लागले. मला जिन्याखालच्या खोलीत फाटक्या पडद्यांखाली ठेवले. थोड्याच दिवसांत व्यवस्थापक मामाला म्हणाले, "उद्यापासून नाही आलात तरी चालेल." मामा फक्त "बरं" म्हणाला. निघताना त्याने व्यवस्थापकांना विचारून मला बाहेर काढले, काखोटीला मारले आणि तो थोरल्या बहिणीच्या घरी राहायला गेला.

मामा तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. यजमान गेल्यावर तिने घरामागे माणूस उभा राहील एवढे मोठे खुराडे बांधले होते. तिची अंडी कोपऱ्यावरच्या बेकरीत जात. उन्हाळाभर टोपल्या भरत. पण दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी देणे थांबवत. त्यांच्या शरीराला मोठा दिवस लागतो, उजेड कमी पडला की शरीरच विश्रांती घेते.

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात बेकरीवाली आली. बाई मनाने वाईट नव्हती, पण वैतागली होती.

"ताई, मला केक बारा महिने करावे लागतात. उन्हाळ्यात तुमची अंडी आणि हिवाळ्यात दुसऱ्याची, असं कसं चालेल? तो दुसरा म्हणतो, घ्यायची तर वर्षभर माझ्याकडूनच घ्या."

"थोडं थांबा. यंदा मी दिवा लावलाय."

"महिनाभर थांबते," ती म्हणाली. "पुढे माझाही नाइलाज आहे."

ताईने खरेच खुराड्यात दिवा टांगला होता. सूर्य मावळल्यावरही तो जळत राही आणि जेवणे आटोपली की ती बटण दाबून विझवी. पण एका सकाळी ताई खुराड्यातून परतली ती ओट्यावर मटकन बसली. दिवा एकदम गेल्यावर कोंबड्या जमिनीवरच अडकल्या होत्या. अंधारात त्यांना दिसत नाही, झोपायच्या दांडीवर चढता येत नाही. घाबरून त्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि सगळ्यांत खाली सापडलेल्या दोघी गुदमरून गेल्या.

"विकून टाकते सगळ्या," ती म्हणाली. "दिवा नाही लावला तर अंडी नाहीत, लावला तर हे असं."

मामा खुराड्यात डोकावून आला. मग म्हणाला, "ताई, त्यांना रात्र मिळाली, पण संध्याकाळ मिळालीच नाही."

"म्हणजे?"

"संध्याकाळ मला करता येते."

त्याने मला खुराड्याशेजारच्या दाण्याच्या खोलीत भिंतीवर बसवले. खुराड्यात भुसा असतो, तिथे माझ्यासारखे गरम होणारे यंत्र नको, म्हणून मी भिंतीच्या अलीकडे आणि दिवा पलीकडे. मधल्या खिडकीतून मला सगळे दिसे. पहाटे थोडा उजेड द्यायचा, संध्याकाळी थोडा, बाकी रात्र गडद अंधार, कारण कोंबड्यांनाही झोप हवी असते.

पहिल्या संध्याकाळी मामाने ऐटीत मूठ धरली आणि नाटकातल्यासारखा सूर्य मावळवला. मलाही स्फुरण चढले होते! पण अंधार झाला तेव्हा निम्म्या कोंबड्या खालीच होत्या. ताईने बॅटरी पेटवली आणि एकेकीला उचलून दांडीवर ठेवू लागली.

"अरे, तुझा सूर्य मावळतो की पळून जातो?"

"प्रेक्षकांना ताटकळत ठेवून चालत नाही, ताई."

"माझ्या ठमीसाठी ठेव. तिला चढायला वेळ लागतो."

ठमी ही खुराड्यातली सगळ्यांत लठ्ठ कोंबडी. ती आधी दांडीकडे बघे, मग दुसरीकडे बघे, मग जणू विसरून जाई. दुसऱ्या दिवसापासून मामाने ठमीच्या चालीने सूर्य मावळवायला घेतला. दिवा दांडीच्या बाजूला सरकवायची कल्पना ताईची. उजेड आटत गेला की कोंबड्या त्याच्या मागे मागे दांडीकडे जात. शेवटी ठमी धप्पकन वर चढे आणि मगच मामा मूठ पूर्ण फिरवी. कुणी टाळ्या वाजवत नव्हते, पण दांडीवरून झोपाळू कुरकुर ऐकू येई आणि मला बरे वाटे.

अंडी मात्र येईनात. शरीर जागे व्हायला काही आठवडे लागतात, हे ताईने ऐकले होते, पण रोज रिकामी टोपली परत आणणे सोपे नसते. मामाचा धीर सुटत चालला. "नाटकातला उजेड शेवटी नाटकातलाच," तो पुटपुटला.

"आता मधेच सोडायचं नाही," ताई म्हणाली. "महिना म्हणजे महिना."

त्यातच मामा तापाने अंथरुणाला खिळला. ताईला विजेची भारी भीती. माझ्या गुणगुणण्यालासुद्धा ती बिचकत असे. त्या पहाटे ती माझ्यासमोर आली, पदराला हात पुसले आणि माझी मूठ धरली. मूठ अडखळत फिरली, म्हणून दिवाही अडखळला. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि हात स्थिर केला. घरातून मामाचा खोल गेलेला आवाज आला, "श्वास सोडत फिरव, ताई!"

"तू झोप रे! जमतंय मला."

आणि तिला खरेच जमले. त्या दिवशी पहाट तिने केली, संध्याकाळही तिनेच केली. पुढेही करत राहिली.

पण कोंबड्यांच्या घरात धूळ फार. पिसांची, दाण्याची, भुशाची. मामा रोज फडक्याने मला पुसत असे आणि आठवड्यातून एकदा माझे झाकण उघडून आतही ब्रश फिरवत असे. तापाच्या दिवसांत ते राहून गेले. धूळ माझ्या तारांवर बसली. एका संध्याकाळी, अर्धा सूर्य मावळलेला असताना, माझ्या पोटात चर्र झाले, ठिणगी उडाली आणि जळका वास आला. मी खूप धडपडलो, पण दिवा गचके खाऊ लागला. ताईने धावत जाऊन मुख्य बटण बंद केले.

सगळीकडे काळोख. खुराड्यात एकच कलकलाट उठला.

ताईने स्वयंपाकघरातला कंदील आणला आणि खुराड्याच्या जाळीबाहेर, दांडीच्या बाजूला उभी राहिली. कोंबड्या उजेडाकडे वळल्या. मग ताई कंदील धरून मागे सरकू लागली. थोडी मागे सरायची, थांबायची, पुन्हा सरायची. अंगणात गारठा होता आणि अंगावर धड शालही नव्हती. मी खिडकीतून बघत होतो. कोंबड्या एकामागून एक वर चढत होत्या. ठमी दांडीखाली उभी राहून इकडेतिकडे बघत होती. "चढ गं बाई, चढ," ताई म्हणत होती, पण पाय मात्र घाई करत नव्हते. ठमी चढली, तेव्हा ताई अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाला टेकली होती.

मित्रांनो, इतकी वर्षे मी संध्याकाळी केल्या, पण तशी संध्याकाळ मला कधी साधली नाही.

सकाळी मामा घोंगडी गुंडाळून खुर्चीवर बसला आणि त्याने सांगितले तसे ताईने वीज बंद ठेवून माझे झाकण उघडले, आत ब्रश फिरवला, झिजलेला कोळसा बदलला. मूठ फिरवली तेव्हा मी पुन्हा गुणगुणलो. "ओरडतोय मेला," ती म्हणाली, पण या वेळी बिचकली नाही.

महिना भरायच्या आत भुशात पहिले अंडे सापडले. ते एका तरण्या कोंबडीचे होते. मग आणखी काही आली. बेकरीवाली आली तेव्हा टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. तिने अंडी उचलून उजेडापुढे धरून बघितली.

"कमी आहेत."

"कमी आहेत," ताई म्हणाली. "पण रोज असतील. आणि वाढतील."

बेकरीवालीने तिच्याकडे बघितले, पिशवी उघडली आणि म्हणाली, "उद्या याच वेळेला येते." ती रोज येत राहिली आणि टोपलीही भरत गेली.

दिवस मोठे होत गेले तसा मामाने माझा उजेड हळूहळू काढून घेतला आणि एक दिवस माझी गरज उरली नाही. नाट्यगृहातून निघालो तेव्हा मी मनाने मोडून पडलो होतो. या वेळी तसे झाले नाही. ताईने मला पुसले, कोरड्या कापडात गुंडाळले आणि घरातल्या कपाटावर ठेवले.

तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल. त्याची धूळ पुसत जा, त्याच्याकडून काम घेत जा, आणि काम संपले की त्याला नीट झाकून ठेवा. मी सध्या कपाटावर विश्रांती घेतो आहे. थंडी पडली आणि दिवस आखडले, की ताई मला खाली उतरवील. मी तयार आहे.