न झोंबणारं तेल

"उंदरांनी पाय चाटले म्हणून आमचं तेल बंद?" मी ओरडले, तशी दवाखान्याच्या व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली.

प्रोफेसर एवाल्दो राजधानीहून कागद घेऊन आले होते. उंदराच्या पायाला झोंबरं औषध टोचायचं, तेल द्यायचं आणि तो दुखरा पाय किती वेळ चाटतो ते मोजायचं, हा त्यांचा प्रयोग. तेल दिलेले उंदीर न दिलेल्यांइतकाच वेळ चाटत बसले. म्हणजे आलेक्रिम या आमच्या रानझुडपाच्या तेलात दम नाही, आणि नगरपालिका ते वाटणं थांबवणार.

मला अंगभर संताप आला. सेआराच्या या कोरड्या मुलखात तीस वर्षं मी ते झुडूप लावतेय. पान चुरगळलं की ओव्यासारखा वास येतो, तेल लावलं की कातडी पेटते. शेजारी माझी धाकटी बहीण इवोनिल्द बसली होती. चिकनगुनियाने तिची बोटं धरली ती सुटलीच नाहीत. लाकडी रिळं नाचवत लेस विणणारी बाई ती! गेल्या वर्षी हे तेल लावून तिने पुन्हा विणायला घेतलं होतं. तेल काढायची भट्टी दवाखान्याचीच; तिथलं तेल गेलं, तर तिच्या बोटांना दुसरं काही नव्हतं.

"नेउझाबाई, ऐकून तर घ्या," प्रोफेसर म्हणाले. "कातडीखाली दुखणं ओळखणारी बारीक दारं असतात. तुमच्या झुडपातला तिखट अंश ती दारं धडाधडा वाजवतो, म्हणून आधी भाजतं. वाजून वाजून दारं थकतात आणि खऱ्या दुखण्यालाही उघडत नाहीत. आम्हाला हेच दिसायला हवं होतं. दिसलं नाही."

"हेच तर मी तीस वर्षं बोंबलून सांगतेय! आधी भाजतं, मग दुखणं मुकं होतं. तुमच्या उंदरांचं काय घेऊन बसलात? आणा ती बाटली इकडे. तुम्ही त्यात काय मिसळलंत ते आत्ता सांगते."

त्यांनी बाटली दिली. झाकणावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. मी एक थेंब खालच्या ओठाला लावला आणि सगळ्यांकडे रोखून बघत उभी राहिले.

ओठ पेटला नाही. नुसता वास आला, देवळातल्या फुलांसारखा गोड.

मिसळलंय असं मी म्हणाले असते, तर सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. पण मला आठवलं. विद्यापीठाची माणसं वाफा बघायला येणार म्हणून मी चार महिने रोज बादलीने पाणी ओतत होते. आमची झुडपं खुरटी, धुळकट. पाहुण्यांपुढे लाज वाटत होती. हिरवीगार केली. लोकांनी फोटो काढले, मी मध्ये उभी राहिले. तहानलेलं झुडूप तिखट धरतं, हे गावाला शिकवणारी मीच. जीभ हासडून द्यावीशी वाटली.

"पाणी मी घातलं," मी ओरडूनच म्हणाले. "दिखाव्यासाठी. लिहा तुमच्या कागदावर!"

प्रोफेसरांनी पेन काढलं. "लिहितो. पण पुन्हा प्रयोग म्हणजे सुकी झुडपं हवीत, परवानगी हवी. वर्ष जाईल. तोवर वाटप बंदच."

"वर्ष?" इवोनिल्द पहिल्यांदाच बोलली. "आणि मी लावतेय तेही त्याच वाफ्यातलं ना गं, ताई?"

मी होकारार्थी मान हलवली.

"चार महिने तुला सांगतेय, गुण येत नाही. तू काय म्हणालीस? 'आळशी आहेस, नीट चोळत नाहीस.' मी चोळत राहिले. सालटी निघाली बोटांची."

"इवो, अगं..."

"हात लावू नकोस मला."

ती उठून फाटकापाशी गेली. कडी तिच्या बोटांनी सरकेना. मी दोन पावलं पुढे झाले, तर तिने पाठ वळवून कडी अंगाने झाकली. उन्हात ती तशीच उभी राहिली, कोणी परकं येऊन फाटक उघडेपर्यंत.