मारेवाच्या परसातली विहीर

मी विहीर बोलतेय, भर महासागरातल्या तारावा बेटावरची. फार खोल नाही. आमच्याकडे जरा खाली गेलं की खारं लागतं. कोआएने लग्नाआधी मला खोदलं, प्रवाळाचे दगड रचून कडं बांधलं, मग बायको आणली. ती मारेवा. पहिल्याच दिवशी तिने दोरीला बिस्किटाचा डबा बांधून माझ्यात सोडला आणि चव बघून म्हणाली, "माझ्या माहेरच्यापेक्षा गोड आहे. पण हे माहेरी सांगायचं नाही."

तेवढीच तारीफ ऐकली मी. पुढची पंचवीस वर्षं नुसता डबा खाली, डबा वर. पाणी काढणारा आत बघत नाही, माणसांची खोडच आहे ती.

मग मारेवाच्या लेकीला, ताकेला, मुलगी झाली. तांगिरा. आमच्याकडे पोराचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाहून मोठा. त्या जेवणासाठी मारेवाने डुक्कर पाळलं आणि माझ्यापासून चार पावलांवर कुंपण घालून ठेवलं. त्याला पाणी लांबवर कोण वाहून नेणार?

कोआए म्हणाला, "विहिरीला वास लागेल गं."

"मी तुझा सोसतेय ना इतकी वर्षं? ती याचा सोसेल."

आमची वाळू काही अडवून धरत नाही. डुकराचं सगळं झिरपत माझ्यात आलं. मला कळलं होतं असं म्हणणार नाही. पाणी तर स्वच्छच दिसत होतं.

मारेवा नातीला रोज ताजी गोड माडी आटवून केलेली काकवी पाण्यात कालवून पाजायची, अंगात ताकद यावी म्हणून. दहाव्या महिन्यात पोरीला जुलाब लागले. मारेवाने काकवी वाढवली. चौथ्या दिवशी पोर गेली. वाढदिवसाचं डुक्कर मयताला कापलं.

मग दवाखान्यातली रूता आली. तपासणीची पूड घातलेल्या एका छोट्या बाटलीत माझं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं.

"घाणीचे जंतू आहेत यात. पोरीला काय पाजायचीस, मारेवा?"

"काकवी. स्वतः उकळते मी. बोटाला चिकटेस्तोवर."

"आणि पाणी?"

मारेवा नखातली वाळू काढत बसली.

कोआए फावडं घेऊन उठला. "बुजवून टाकतो हिला."

"खाली बस," मारेवा म्हणाली. "हिने काय केलं? डुक्कर मी बांधलं."

आता रूता येऊन माझ्यात औषध टाकते. त्याचा वास मलाच येतो. कडं उंच केलंय, वर पत्र्याचं झाकण आहे. डुकराची जागा रिकामी आहे. मला वाईट वाटतं का, ते सांगता येत नाही. पाणी भरतं, पाणी जातं. मागायचं एवढंच आहे, की माझ्या नितळपणावर जाऊ नका. मी शेवटपर्यंत नितळच होते.

ताकेला पुन्हा दिवस गेलेत. मारेवा माझं पाणी चुलीवर ठेवते आणि समोर बसून राहते. खळखळ उकळी येते, तरी उतरवत नाही.

"आई, झालं गं. सगळं आटेल."

"आटू दे."