घोटभर

साहेबरावने बॉनेट उघडलं तशी वाफ भसकन वर आली आणि तो तोंड फिरवून दोन पावलं मागे सरला.

"पानी हाय का कुनाकडं?" तो ओरडला. "माझा डबा तर मघाच रिकामा झाला."

मागे जीपमध्ये पंचशीला सोनकांबळे गुडघ्यांवर बसली होती. तिचा एक हात शिवगंगेच्या ओटीपोटावर दाबलेला आणि दुसऱ्या हातात सलाईनची बाटली उंच धरलेली. बाटली टांगायचा हूक केव्हाच तुटला होता. शिवगंगेचं बाळंतपण सकाळी घरीच झालं होतं. मुलगी झाली, रडलीसुद्धा चांगली. पण वार पडली नाही आणि रक्त काही थांबेना. नवरा मलप्पा बैलं घेऊन चारा छावणीवर गेलेला. म्हणून तान्ही शेजारणीकडे सोपवून सासू, गौरम्मा, तेवढी गाडीत चढली होती.

जीप नव्या जिल्ह्याची होती, म्हणजे जिल्हा नवा होता, जीप नव्हती. दारावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून लातूर लिहिलं होतं आणि उन्हात खालची अक्षरं पुन्हा वर येत होती. पंचशीला उदगीरजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स. वॉर्डातली ड्युटी संपली की गाडीची ड्युटी, आणि ही दुसरी तिने स्वतःहून मागून घेतली होती. वॉर्डात बायका यायच्या त्या थंडगार पडूनच. डॉक्टर म्हणायचे, उशीर केलात. हा उशीर नेमका कुठे होतो ते तिला बघायचं होतं. आता ते तिला रोज दिसत होतं.

आजचा उशीर नळेगावच्या पुढे, भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध उभा होता. आजूबाजूला नुसती काळी भेगाळलेली रानं. विहिरी असतील, पण त्यांच्या तळाला दगड तेवढे असणार.

तिने पोटावरचा हात उचलून खांद्यावरच्या वॉटरबॅगकडे नेला. तेवढ्यात गौरम्माने पदराखाली झाकलेला पितळी तांब्या पुढे केला.

"घे. ओत त्याच्यात."

पंचशीलाने तिच्याकडे पाहिलं. या तांब्यावरून सकाळी काय झालं होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

सकाळी शिवगंगेला आडवं करायला जागा हवी म्हणून पंचशीलाने हा तांब्या उचलून बाजूला ठेवला होता. नेमकी त्याच वेळी साहेबरावने "पंचशीलाबाई, चला लवकर" अशी हाक मारली. गौरम्माने नाव ऐकलं आणि क्षणभर थांबली. मग तिने तांब्या उचलला, उंबऱ्यापाशी पालथा केला, राखेने घासला आणि आत जाऊन रांजणातून पुन्हा भरून आणला. गावात टँकर एका दिवसाआड येत होता, तोसुद्धा आला तर. त्या गावात तिने भरला तांब्या सांडला.

खरं तर पंचशीलाने तेव्हाच सांगायला हवं होतं, की मावशी, पाणी कशाला घेता, हिला एक थेंब द्यायचा नाही. पण घशाशी आलेला कडवटपणा गिळताना ते सांगणंही गिळलं गेलं. न्या तुमचं पाणी, मला काय करायचंय, असं तिला वाटलं होतं.

साहेबरावने तांब्या रेडिएटरमध्ये रिकामा केला. गाडी खोकली आणि चालू झाली. गौरम्माने रिकामा तांब्या मांडीत घेतला, सवयीने त्यावर पदरही ओढला.

थोडं पुढे गेल्यावर शिवगंगेने डोळे उघडून सासूकडे पाहिलं.

"अव्वा, पानी."

रक्त गेल्यावर लागणारी ही तहान पंचशीलाच्या ओळखीची होती, आणि तिला त्या तहानेची भीती वाटायची. तिने नाडी पाहिली. ती बारीक सुतासारखी लागत होती.

"लातूर आलंच बघ, शिवगंगा. डोळे मिटू नकोस."

"घोटभर, अव्वा."

गौरम्माने तांब्यात बघितलं. मग तिची नजर पंचशीलाच्या खांद्यावरच्या वॉटरबॅगवर आली आणि तिथून हलेना. तिने ओठ दोनदा उघडून मिटले.

"तुझंच दे, बाई," ती शेवटी म्हणाली. "माझं काई म्हननं न्हाई."

भोकरला पंचशीलाच्या आईने, सरजाबाईने, जन्मभर पाणी घेतलं ते वरून ओतलेलं, ओंजळीत. हे वाक्य ऐकायला आज आई हवी होती. आणि नेमकं आजच तिला नाही म्हणायचं होतं.

"द्यायचं नसतं, मावशी. लातूरला हिला भूल देऊन वार काढावी लागंल. पोटात पाणी असलं की भुलीत ते उलटून छातीत जातं. माणूस टेबलावरच गुदमरतं. मी बघितलंय."

"घोटभरानं?"

"घोटभरानं सुद्धा."

तिने कापसाचा बोळा भिजवून शिवगंगेच्या ओठांवरून फिरवला. शिवगंगेने तो दातांत धरून चोखायचा प्रयत्न केला. पंचशीलाने हळूच काढून घेतला.

"सकाळी तर काई बोलली न्हाईस ह्यातलं," गौरम्मा म्हणाली. "माझा तांब्या भरलेला होता तवा?"

पंचशीलाने मान पुढे वळवली.

"साहेबराव, जरा जोरात घ्या."

"गाडी पुन्हा तापून राहिली, सिस्टर. जोरात घेतली तर बसंल हितंच."

वॉर्डात असती तर तिने डॉक्टरांना हाक मारली असती. रक्त मागवलं असतं, पलंगाचे पाय उचलून विटा लावल्या असत्या. इथे हाक मारायला साहेबराव होता आणि मारून उपयोग नव्हता. शिवगंगा आणखी दोनदा पाणी म्हणाली. दुसऱ्यांदा आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. गौरम्मा आता काही मागत नव्हती. ती फक्त वॉटरबॅगकडे बघत होती, आणि वळणावर आतलं पाणी डुचमळलं की तिघींनाही ते ऐकू येत होतं.

लातूरची पहिली घरं दिसली तेव्हा बोटांखालची नाडी सुटली.

पंचशीलाने बाटली टाकून दोन्ही हात छातीवर घेतले. ती दाबत राहिली. दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली तरी दाबत राहिली. एका तरुण डॉक्टरने आत वाकून शिवगंगेच्या पापण्या उघडून पाहिल्या, गळ्याला बोटं लावली. मग त्याने पंचशीलाचं मनगट धरलं.

"राहू द्या, सिस्टर."

डॉक्टर स्ट्रेचर बघायला गेला. साहेबराव बॉनेटला टेकून पाठमोरा उभा राहिला. जीपमध्ये दोघीच उरल्या.

गौरम्मा सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारत बसली.

"सकाळी मी तांब्या सांडला, ते बघितलीस ना तू?"

"हाव, मावशी."

"मग राग माझ्यावर काढायचा होतास, बाई. तिनं काय केलं होतं तुझं?"

भूल, छाती, टेबल, पंचशीलाचे सगळे शब्द जागेवर होते आणि एकही खोटा नव्हता. त्यातला कुठलाही आता कामाचा नव्हता. तिला या बाईचे पाय धरावेसे वाटले, आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. यातलं तिने काहीच केलं नाही.

गौरम्माने शिवगंगेचं डोकं उचलून आपल्या हातावर घेतलं.

"आता तरी घाल घोटभर."

आता आड येणारा नियम नव्हता. पंचशीलाने वॉटरबॅगचं झाकण उघडलं, त्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि ते शिवगंगेच्या ओठांना लावलं. पाणी आत गेलं, तसंच कडेने बाहेर आलं. गौरम्माने ते पदराने टिपून घेतलं.

"अजून," ती म्हणाली.

पंचशीलाने झाकण पुन्हा भरलं.