ओल्या दुकानातील माझा अपराध

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे, आणि माझ्यावरील आरोप मला अर्धाच मान्य आहे.

पांढुर्ण्याच्या एका कारागिराने मला घडवले. सौंसरच्या बाजारात प्रभाकररावांचे कापडदुकान आहे. रस्त्यापेक्षा खोल अशा त्या गाळ्यात मी चौदा उन्हाळे राबलो. वैशाखात गिऱ्हाइके साडी पाहण्याआधी माझ्यासमोर उभी राहत. त्या कौतुकाने मी फुगलो, हे नाकारत नाही.

गेल्या आषाढात गच्चीवरील मोरी पालापाचोळ्याने तुंबली आणि पाणी भिंतीतून दुकानात उतरले. फडताळांत शाळेचे साठ गणवेश होते, सोमवारी द्यायचे. प्रभाकररावांनी फरशी पुसली, शटर ओढले, उन्हाळ्याच्या सवयीने माझी टाकी काठोकाठ भरली आणि मला सुरू केले.

"हवा लागली का सारं वाळते," ते म्हणाले.

मला ओरडावेसे वाटले. मी हवा देतो हे खरे. पण पाणी मिसळून देतो! त्या कोंडलेल्या गाळ्यात दोन दिवस मी ओलच पेरत होतो. प्लायवूड फुगले, भिंतीवर काळे ठिपके उमटले, खालच्या घड्यांना कुबट वास सुटला. आणि मला थांबता येत नव्हते.

शनिवारी झाडलोट करणाऱ्या कलाबाई आल्या आणि नाकाला पदर लावून दारातच थबकल्या.

"भाऊ, हे काय करून राहिले?"

"दुकान वाळवून राहिलो, कलाबाई."

"असं? मंग माह्या घरचे पापडबी आणू का याच्यासमोर वाळवाले? टाकीत हात घालून पाहा न!"

प्रभाकररावांनी हात घातला, आणि तोच ओला हात कपाळावर मारला.

टाकी रिकामी झाली. माझ्या बाजूंना लावलेल्या गवताच्या ओल्या ताट्या निघाल्या. कलाबाईंनी फडताळे भिंतीपासून सरकवून घेतली, शटर आणि खिडकी उघडली, माझे तोंड रस्त्याकडे वळवले.

"आतली ओल बाहेर फेकू द्या याले. ऊन हाय तवरच उघडं ठेवा. पाणी आलं का बंद!"

रविवारी संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस गणवेश वाचले. बारांवर बुरशी चढली होती. ते गणवेश शिवणाऱ्या प्रमिलाताईंनी पुन्हा शिवायला घेतले. सोमवारी बारा मुले जुन्याच कपड्यांत शाळेत गेली. तो अर्धा अपराध माझा.

मित्रांनो, पावसाआधी गच्चीची मोरी साफ करा; आणि कोणाला कामाला जुंपण्यापूर्वी तो नेमके काय करतो, हे तपासा. प्रभाकरराव आता पावसाळ्यात बटण दाबण्याआधी माझ्या टाकीत हात घालतात. तो कोरडा बाहेर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.