अकरा लाख डब्यांचा अंदाज

वृषभच्या नव्या कंपनीचं काम साधं होतं: सूर्य मावळायच्या आत जैन घरांत जेवणाचा डबा पोचवणे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. सनाच्या मते नफाही नाही. सना त्याची भागीदार. हिशेब तिच्याकडे, डबे त्याच्याकडे आणि भांडवल अण्णाप्पामामांचं.

मामांचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पाइप-फिटिंगचं दुकान. त्यांनी बजावलं होतं, "दर म्हैन्याचा हिशेब आन् पुढच्या वर्साचा अंदाज दावणारं एक सॉफ्टवेअर निवडा. पारणं झालं की रविवारी बघतो. पटलं तर पुढचे पैसे. न्हाय तर भाच्या, सोमवारपास्नं माझ्या काउंटरवर."

त्या काउंटरवर वृषभने कॉलेजच्या एका सुट्टीत एल्बो आणि बेंड मोजले होते. अजून झोपेत मोजायचा.

तीन सॉफ्टवेअरं सात-सात दिवस फुकट मिळाली. पहिल्याने पाहिलं, की संध्याकाळी साडेसहानंतर एकही ऑर्डर नाही. त्याने मेल पाठवला: 'आपला व्यवसाय बंद पडल्याचे वाचून वाईट वाटले.' दुसऱ्या दिवशी पुन्हा वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी सनाने 'आभारी आहोत' असं उत्तर दिलं.

दुसऱ्याला मंदीचे दिवस हाताने भरून द्यायचे होते. वृषभ अष्टमी-चतुर्दशीच्या उपासांपाशीच दमला.

तिसरं आपलं आपण शिकायचं. वृषभने तेच पक्कं केलं. फक्त त्याला शिकायला मिळालेले सात दिवस म्हणजे पर्युषणाच्या उपासांचे शेवटचे सहा आणि उपास सोडायचा, पारण्याचा एक, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. डबे गेले नऊ, सात, पाच, चार, दोन, शून्य. सातव्या दिवशी दोनशे बारा.

रविवारी मामा लॅपटॉपसमोर बसले. अंदाजाची रेघ तळातून उठली ती पडद्याबाहेर गेली.

"दिवाळीला रोज अकरा लाख डबे," मामांनी वाचलं. "कोल्हापुरात तेवढी माणसं हाईत?"

"न्हाईत," वृषभ म्हणाला.

"मग उरलेले उचगावला. आन् संक्रांतीला?"

"अख्खा देश."

"पाडव्याला?"

"पाडव्याला माणसं कमी पडतील म्हणतंय."

मामांचे डोळे भरून आले. "सगळा देश रात्रीचं जेवायचा थांबणार. ते बी माझ्या पैशानं!" त्यांनी लगेच उचगावला फोन लावला. "पावणं, ती चार एकर कुणाला दिऊ नगा. किचन बांधायचं हाय."

गप्प बसला असता, तर वृषभ सुटला असता. सनाने टेबलाखालून लाथ घातली.

"मामा, फोन ठेवा," तो म्हणाला. "हे चुकलंय. पारण्याचा दिवस धरलाय त्यानं."

मामांनी फोन ठेवला. "मग खरं कशात हाय?"

"दुसऱ्यात," सना म्हणाली. "अब्बांच्या नावानं परत सात दिवस फुकट घेतले आन् वर्साचे सगळे उपास भरले."

"तुला गं कशा ठाव आमच्या तिथ्या?"

"बस्तीच्या देवळाजवळ अब्बांचा भाजीचा गाळा हाय की. कांदा कवा पडून राहतो त्यावरनं पाठ झाल्यात."

तिने पडदा फिरवला. पहिलं वर्ष तोटा. दुसरं वर्ष तोटा, जरा कमी. तिसऱ्या वर्षी महिना सहा हजार नफा.

वृषभला डोळ्यांसमोर एल्बो दिसायला लागले.

"माझ्या दुकानाचं बी असंच झालतं," मामा म्हणाले. "तवा आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तर दुकान काढलं. हेच घ्या. पैसे देतो."

"म्हंजे मी काउंटरवर...?"

"तुझं काय काम तिथं? ह्या पोरीला बसवतो." मामा सनाकडे वळले. "पगार तुझ्या तोंडानं सांग. सोमवारपास्नं ये."

"आन् डब्यांचा हिशेब?" वृषभने विचारलं. सनाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"आधी तुमच्या दुकानाचा अंदाज काढून बघते मामा," ती म्हणाली, "मग सांगते."